दमास्कसहून आलेलं बोलावणं

"बरं. आणि हा कागद ज्याच्या हातात पडला, त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं?"

बाईंचा हा ठरलेला प्रश्न. एखाद्या विद्यार्थ्याने सांगावं, की अमक्या राजाने जाहीरनामा काढला किंवा तमक्या सेनापतीने पत्रकं वाटली, की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि हे विचारायच्या. उत्तर कुणालाच यायचं नाही, कारण ते कुठल्याच गाइडमध्ये छापलेलं नसायचं. पोरांनी नक्कल मात्र छान उचलली होती. खानावळीत ताट समोर आलं की कुणीतरी चष्मा कपाळावर चढवून विचारायचं, "मावशी, आज इतिहास काय?" मावशीही तयार झाल्या होत्या. "वांगं," म्हणायच्या.

पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांचे क्लास किती आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दगड भिरकावला तर तो एक तर क्लासच्या पाटीला लागतो, नाही तर क्लासला निघालेल्या मुलाला. अशाच एका क्लासमध्ये मी भूगोल शिकवायचो आणि बाई जगाचा इतिहास. मुलं वाशीम, यवतमाळ, लातूर, नांदेड, कुठून कुठून आलेली. कॉट बेसिसवर राहायची, एका पुस्तकात तिघं वाचायची आणि चहाच्या टपरीवर उभं राहून आपापली पोस्टिंग ठरवायची.

बाई सरकारी कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या विदर्भातल्या, पण कर्वेनगरात त्यांचा फ्लॅट होता आणि पुण्याची तिरकी जीभ त्यांनी पुरती आत्मसात केली होती. सत्तरीकडे झुकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. फिकट सुती साडी आणि मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "या भूगोल," म्हणायच्या. मी बसलो की, "काय, पृथ्वी अजून गोल आहे ना?"

शिकवायच्या त्या सगळ्या जगाचा इतिहास, पण जीव अडकला होता एका लहानशा तुकड्यात. पहिल्या महायुद्धात अरबांनी तुर्कांविरुद्ध बंड केलं, हे आपल्याला साधारण माहीत असतं. त्या अरबांना परत आपल्याकडे वळवण्यासाठी तुर्कांनी आणि त्यांच्या जर्मन दोस्तांनी काय काय केलं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यासाठी त्या जर्मन शिकल्या होत्या. आता पुण्यात जर्मन शिकणं यात नवल काही नाही, इथे दर चौथ्या घरात एक जर्मन शिकलेला निघतो. पण अरबीही शिकल्या होत्या, तीही शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एका येमेनी विद्यार्थ्याकडून. त्याला त्या मराठी शिकवायच्या, तो त्यांना अरबी. तो "काय राव" म्हणायला शिकेपर्यंत बाई जुनी अरबी वर्तमानपत्रं वाचायला लागल्या होत्या.

"पुस्तक लिहा की यावर," मी एकदा म्हटलं.

"लिहीन. आधी वाचून तरी होऊ दे."

एका दुपारी माझा तास रद्द झाला म्हणून मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी एका फळ्यावर वर दमास्कस लिहिलं आणि तिथून खाली रेघ ओढत निघाल्या. फळा संपला तसं दुसऱ्या फळ्यावर गेल्या आणि मदिनेला थांबल्या. हा आगगाडीचा मार्ग. मी भूगोल शिकवणारा माणूस, पण पुस्तक समोर न ठेवता मला ती रेघ तशी काढता आली नसती. वळणासकट बरोबर होती.

"मक्केच्या शरीफाने, म्हणजे तिथल्या अरब अधिपतीने, बंड केलं," बाई सांगत होत्या. "इस्तंबूलच्या तुर्क सरकारला वाटलं, माणूस बदलला की काम झालं. मग त्याच्याच भाऊबंदांतला दुसरा एक शोधला. त्याला मक्केचा नवा अमीर नेमला आणि आगगाडीत बसवून दिला. गाडी मदिनेपर्यंत जायची, म्हणून तोही मदिनेपर्यंत गेला. पुढे रूळ नव्हते. वाट बघणारंही कुणी नव्हतं. मक्का काही त्याला दिसली नाही."

वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. मग जर्मनांनी गावोगावी उघडलेली बातम्यांची दालनं सांगितली. भिंतीवर चित्रं, नकाशे, विजयाच्या तारा, सगळं अरबीत. जर्मन तुर्कांना सांगत होते की अरबांशी जरा सबुरीने घ्या, आणि तुर्क दमास्कसच्या वर्तमानपत्रातून अरबांना सांगत होते की आपण सारे एका धर्माचे भाऊ.

"आता त्याच्या मागचं बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. "याच सरकारने बैरूतच्या आणि दमास्कसच्या चौकांत अरबांची शिकलीसवरलेली माणसं फासावर लटकवली होती. कित्येक कुटुंबं उचलून परमुलखात नेऊन टाकली होती. टोळधाड येऊन गेली होती, उरलेलं धान्य फौजेने नेलं होतं, रस्त्यात माणसं उपाशी मरत होती. आणि मग हा कागद आला. आपण भाऊ आहोत." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्याच्या हातात तो पडला, त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं?"

वाशीमकडची एक मुलगी खिडकीजवळ बसायची. फारशी बोलायची नाही. ती म्हणाली, "काहीच नाही, मॅडम."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि त्या मुलीकडे नुसत्या बघत राहिल्या. मी अनेक चांगले शिक्षक ऐकले आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाची भूक पेठेतल्या वर्गात आणून बसवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

अर्थात कुणीतरी हात वर केलाच. "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"येत नाही. तुम्ही तहसीलदार झालात की रोज येईल."

क्लास वाढत गेला. पुढच्या मोठ्या हॉलमध्ये मुलं मावेनात. आमचे संचालक हुशार गृहस्थ होते आणि मनाने वाईट नव्हते, पण रिकामी जागा दिसली की त्यांच्या डोक्यात योजना यायची. त्यांनी हॉलचा मागचा भाग प्लायवूडची फळी टाकून वेगळा केला आणि तिथे एक मोठा टीव्ही लावला. फीमध्ये सवलत असलेली मुलं तिथे बसतील. पुढे शिक्षक शिकवतील, मागे ते टीव्हीवर दिसतील. सवलत कुणाला होती हे तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही न विचारताच संचालकांनी सांगितलं, "यात जातीबितीचा काही संबंध नाही हां." इतकं आवर्जून सांगितल्यावर शंका उरायचं कारणच नव्हतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी शिकवताना नेहमीसारखा प्रश्न विचारला. उत्तर फळीच्या पलीकडून आलं. वाशीमच्या मुलीचा आवाज होता. बाई बोलता बोलता थांबल्या. मग खडू उचलला, डस्टर उचललं आणि दरवाजातून बाहेर पडून मागच्या खोलीत गेल्या. तिथे फळा नव्हता, म्हणून टीव्ही बंद करून त्याच्या शेजारच्या भिंतीवर लिहायला लागल्या.

पुढच्या हॉलमध्ये गडबड उडाली. संचालक धावत आले. "मॅडम, कॅमेरा पुढच्या हॉलमध्ये आहे."

"मग कॅमेऱ्याला शिकवा," बाई म्हणाल्या.

तास त्यांनी तिथेच पुरा केला, भिंत ओल्या फडक्याने पुसली आणि घरी गेल्या. परत आल्या नाहीत. काही दिवसांत मागच्या खोलीतली निम्मी मुलं त्यांच्या मागोमाग कर्वेनगरला गेली. बाई त्यांना आपल्या फ्लॅटमध्ये शिकवू लागल्या, फुकट. मुलं गच्च दाटीने खाली बसायची आणि चपला जिन्यात ओळीने उभ्या असायच्या. सोसायटीच्या चिटणिसांनी पाटी लावली: "जिना चढण्यासाठी आहे. चपला वाळवण्यासाठी गच्ची आहे." बाईंनी ती पाटी मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावली. म्हणाल्या, "सरकारी पत्रक कसं लिहू नये, याचा नमुना."

इकडे क्लासच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या मुलांचा पहिला प्रश्न असायचा, "मॅडम आहेत ना?" संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं त्यांच्याशी बरं आहे. तुम्ही जाऊन बघा."

अशा रीतीने मी वकिलातीवर निघालो. तुम्ही म्हणाल, गेलातच कशाला? बाईंना भेटायला निमित्त मिळत होतं, म्हणून गेलो.

पहिल्या खेपेला माझ्याजवळ शाल, श्रीफळ आणि मोबाइलमध्ये एक फोटो होता. संचालकांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला होता. मधोमध बाई, भोवती यशस्वी विद्यार्थी आणि वर "आपल्या सर्वांच्या लाडक्या मार्गदर्शिका". बाईंनी मला चहा दिला, फोटो मोठा करून पाहिला.

"बातम्यांचं दालन उघडलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "फोटो जुना आहे हो, केस काळे आहेत. आणि फळी?"

"फळी आहे," मी म्हटलं.

"शाल नको. नारळ ठेवून जा. इथे मुलं आहेत, खोबरं मागतील."

मी नारळ ठेवून आलो. शाल घेऊन आलो.

मग संचालकांनी दिल्लीहून जगाच्या इतिहासाचे एक नामांकित सर आणले. विमानाने आणले. हे कळवायला मी दुसऱ्या खेपेला गेलो, म्हणजे बाईंना वाटावं की आपली जागा भरली, म्हणून तरी त्या येतील. बाईंनी चहा गाळता गाळता विचारलं, "मदिनेपर्यंत पोचले का?" मला इतकं हसू आलं की चहा सांडला. सर खरोखरच जेमतेम तिथपर्यंत पोचले. हिंदीत फार सुंदर बोलायचे, पण लातूरच्या मुलाने मराठीत शंका विचारली की "व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणून पुढे जायचे. उन्हाळा लागताच परत गेले.

तिसऱ्या खेपेला मी नेलेली गोष्ट मात्र गंभीर होती. संचालकांना कुठूनसं कळलं होतं, की बाईंच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत फ्लॅटमध्ये क्लास घ्यायला बंदी करणारा ठराव येणार आहे. जे शेजारी आज तोंडावर "बाई, छान काम करता" म्हणतात, तेच सही करणार आहेत. संचालकांनी मला बजावलं होतं, "त्यांना सांगा, तिथे तुमचं कुणी नाही. आम्ही आहोत."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बातमी खरी असणार," म्हणाल्या.

"मग?"

"भूगोल, तीही बातमी खरीच होती. रशियात क्रांती झाली आणि गुप्त करार बाहेर पडला. इंग्रज आणि फ्रेंच अरबांचा मुलूख आपसात वाटून घेणार होते. दमास्कसच्या तुर्क सेनापतीने ते जगाला ओरडून सांगितलं. बंडवाल्यांना निरोप पाठवले, की बघा, तुमचे नवे मित्र तुम्हाला विकताहेत, परत या, हवं ते देऊ. त्यात खोटं काही नव्हतं. तरी बंडवाले आले नाहीत. ते निरोप त्यांनी उचलून इंग्रजांच्याच हातात ठेवले."

"पण का? खरं होतं तर?"

"सांगणारा कोण होता?"

मी म्हटलं, "हे तुम्हाला त्या जर्मन कागदांतून कळलं?"

"नाही. हे मला आमच्या दारात कळलं," बाई म्हणाल्या, आणि आधी कधीच न सांगितलेलं सांगू लागल्या.

वडील नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, तेव्हा बाई अगदी लहान होत्या. गावी आल्यावर त्यांच्या वस्तीने ठरवलं, की मेलेली ढोरं आता ओढायची नाहीत, दवंडी पिटायची नाही, सणाला वाढणं मागायला जायचं नाही. गावाने आधी विहीर बंद केली, मजुरी बंद केली, गिरणीत दळण बंद केलं. वस्तीने तेही दिवस काढले. पुढे गावाचीच कामं अडली, तेव्हा गाव बोलणी करायला आलं. आधी म्हणाले, या वर्षी जत्रेत तुम्हाला मान देऊ. मग दीक्षेला न गेलेला एक म्हातारा शोधला आणि हाच तुमचा पुढारी म्हणून त्याला पारावर बसवला. मग सांगू लागले, की तुमचे मोठे पुढारी तुम्हाला शहरात नेऊन विकतील.

"तिन्ही गोष्टी त्याच," बाई म्हणाल्या. "मोठी झाल्यावर मी त्या तुर्कांच्या जाहीरनाम्याचं जर्मन भाषांतर पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, अरे, हा तर आमचा पाटील!"

शेवटच्या खेपेला गावची मोठी मंडळी दारात आली. खाट टाकली. पाटील वडिलांना म्हणाले, "आपण काय परके आहो का? एकाच गावचे तं आहो." वडील म्हणाले, "बसा. च्या घ्या." आईने बाजारातून नवे कप आणले होते, मुद्दाम या दिवसासाठी. ताटलीत ठेवून ते बाईंनीच नेले. मंडळी भावकीचं बोलत होती, फार चांगलं बोलत होती. कपाला मात्र कुणी हात लावला नाही. बोलणं संपेपर्यंत चहावर साय धरली.

"ते गेल्यावर आईने तोच चहा गरम करून आम्हा पोरांना दिला. पाहुण्यांसाठी म्हणून साखर भरपूर घातली होती. आम्ही खूश. वडील तेवढे उठून मागे गेले." बाई थोडा वेळ घड्याळाचा पट्टा चाचपत राहिल्या. "त्या दिवसापासून मला कुणी भाऊबहीण म्हणालं, की मी आधी कपाकडे बघते."

मी माझ्या कपाकडे पाहिलं. देवाच्या कृपेने रिकामा होता.

"बाई, तुमची अट फळीची आहे हे मी त्यांना स्पष्टच सांगतो," मी उठताना म्हटलं.

"मी अट घातलेलीच नाही. मोडलं काय, ते ज्याने मोडलं त्याला दिसत असतंच."

सोसायटीची ती सभा नंतर झाली. पण पार्किंगवरून इतकं कडाक्याचं भांडण पेटलं, की बाईंच्या क्लासचा विषय निघालाच नाही.

संचालकांना मी सगळं सांगितलं. शाल-श्रीफळाचं, पाटलांचं, सायीचं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. "म्हणजे फळी काढली की येतील?" त्यांनी विचारलं.

"ते त्या म्हणाल्या नाहीत."

"अट तरी घालायची हो! अट घातली असती तर मी पाळली असती." ते खरोखर वैतागले होते. पण पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी एका सकाळी सुतार आले आणि प्लायवूड उतरवून घेऊन गेले. नियम झाला, आधी येईल तो पुढे बसेल. कुणाच्या फीबद्दल कुणी विचारायचं नाही. टीव्ही संचालकांनी घरी नेला. या वेळी ते मला म्हणाले, "तुम्ही एकटे जाऊ नका. मी येतो."

बाईंच्या घरी तास चालू होता. त्यांनी मुलांना आतल्या खोलीत बसवलं आणि आम्हाला बाहेर. चहा आला. संचालकांना पित्ताचा त्रास, चहा वर्ज्य. माझा जीव वर-खाली होत होता. त्यांनी कप उचलला आणि तळापर्यंत प्यायला.

"भूगोलाने पढवून आणलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"मॅडम, फळी काढली."

"ऐकलं."

"आता तुम्ही परत या."

"फळी माझ्यासाठी काढलीत की मुलांसाठी?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "खरं सांगू? तुमच्यासाठी."

बाई मोकळेपणाने हसल्या. "खरं बोललात, म्हणून मीही खरं सांगते. मी येणार नाही. मी आले तर फळी माझ्यापुरती निघेल आणि मी मेले की पुन्हा लागेल. ही मुलं तिथे बसायला हवीत. ती एकदा पुढच्या बाकावर बसली, की त्यांना उठवायची कुणाची छाती होणार नाही. तुमचीसुद्धा."

"मग पाठवा मुलांना. आनंदाने घेतो."

"मी पाठवणार नाही. जायचं की राहायचं, ते त्यांचं ती ठरवतील."

संचालक मान खाली घालून, पण समाधानाने जिना उतरून गेले.

बाई आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेल्या. क्लासमध्ये फळी पुन्हा लागली नाही. संचालकांनी हॉलला बाईंचं नाव द्यायचं म्हटलं, तेव्हा मुलांनीच सांगितलं, की मॅडमना ते आवडलं नसतं. मुलांमधले काही आता अधिकारी आहेत. वाशीमची ती मुलगी एका तालुक्याची तहसीलदार आहे, आणि एखाद्या गावाला समजावायला निघण्याआधी तिथल्या रेशन दुकानात जाऊन येते, असं मी ऐकतो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात बाईंवर सगळे फार चांगलं बोलले. त्यांचा अभ्यास, त्यांच्या भाषा, त्यांचा ताठ कणा. मला मात्र त्या आठवतात त्या त्याच दिवशीच्या, संचालक गेल्यानंतरच्या, स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या.

मुलांनी आतून सगळं ऐकलं होतं. बाई त्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "तिथे अभ्यासिका आहे. ग्रंथालय आहे. सराव परीक्षा आहेत. इथे मी आहे आणि हा पंखा आहे. ठरवा. पण माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचं नाही." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी आतच कप विसळत होतो.

बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"राहावीत असं फार वाटतंय हो, भूगोल," त्या एकदम म्हणाल्या. "घर भरलेलं असतं."

"मग तसं सांगा ना त्यांना. ऐकतील तुमचं."

"ऐकतील. म्हणूनच दार लावलं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी आता बोलावलं, तर माझ्यात आणि दमास्कसमध्ये फरक काय राहिला?"

बाहेर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी रडत होतं, कुणी त्याला दटावत होतं. मग सतरंजी झटकल्याचा आवाज आला, पुस्तकं आवरल्याचा, बॅगांच्या चेनी ओढल्याचा. दारावर टकटक झाली. दार उघडायचं नाही हे बहुधा त्यांनी आपसात ठरवलं असावं.

"मॅडम, येते," वाशीमच्या मुलीचा आवाज.

"ये," बाई म्हणाल्या.

"येतो, मॅडम."

"या."

"जय भीम मॅडम, येतो."

"जय भीम. या, बाळा."

एकेक आवाज दाराशी यायचा आणि बाई त्याला उत्तर द्यायच्या. प्रत्येकाचा आवाज त्या ओळखत होत्या आणि मान हलवत होत्या. मग पावलं जिन्यावर उतरत गेली आणि खाली सोसायटीचं फाटक करकरलं.

बाईंनी दार उघडलं. सतरंजीची घडी कोपऱ्यात ठेवलेली होती, पंखा बंद केलेला होता. त्या खोलीभर नजर फिरवत उभ्या राहिल्या.

"एकही थांबलं नाही," त्या म्हणाल्या. मी पाणी द्यायला पुढे झालो. त्यांनी हातानेच नको म्हटलं, घडी केलेल्या सतरंजीवर जाऊन बसल्या आणि डोळे पुसले.

"एकही थांबलं नाही हो, भूगोल!" त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी त्या हसत होत्या.